आधी श्वास, मग ठिपके

खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर आजारी मासा शोधायला उभं राहिलं की नवख्या माणसाची नजर थेट अंगावरच्या ठिपक्यांवर जाते. ठिपके बहुतेक वेळा उशिरा दिसतात. त्याआधी दिवस-दोन दिवस माशाचा श्वास बदललेला असतो. म्हणून सकाळी टाकीतले दिवे लागण्यापूर्वी, खोलीतल्या उजेडात पाहावं. मासे तेव्हा कपारीतून नुकतेच बाहेर येत असतात, खाण्यासाठी काचेवर धावून आलेले नसतात. कल्ल्यावरचं झाकण अर्ध्या मिनिटात किती वेळा उघडतं ते मोजायचं आणि दुप्पट करायचं. क्लाऊनफिशचा वेग वेगळा, टँगचा वेगळा, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही. ज्या माशाचा कालचा आकडा आपल्याला ठाऊक आहे, त्याचाच आजचा आकडा कामाचा. मी यासाठी टाकीशेजारी वही ठेवतो.

सगळे मासे एकदम धापा टाकताना दिसले, तर रोगाचा विचार तूर्त बाजूला ठेवून पाणी तपासावं. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात जेमतेम पावणेसात. पाणी तापलं की तोही घटतो. मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यात चिलर बंद पडला किंवा रात्री वीज गेली, तर सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंड लावून असतात. अमोनियाचंही तसंच. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि पीएच चढा असला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. दगडामागे मरून पडलेली एखादी मोठी गोगलगायसुद्धा छोट्या टाकीला पुरते. अशा वेळी औषधाच्या बाटलीला हात न लावता थोडं पाणी बदलावं आणि हवेचा पंप वाढवावा.

एकाच माशाचा श्वास वाढला असेल तर मात्र रोग शोधायचा. सगळ्यांत जास्त गाठ पडते ती ‘इक’शी. क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स हा त्यामागचा एकपेशीय परजीवी. टाचणीच्या टोकाएवढे, एकमेकांपासून सुटे, ठळक पांढरे ठिपके ही त्याची खूण. पावडर ब्लू टँगसारख्या नाजूक माशावर ते सर्वांत आधी उमटतात.

आमच्या मंडळीत एक ज्येष्ठ शौकीन आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. एका तरुण मुलाचा त्यांना फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. ‘काका, डाग गेले! लसूण चोळून खाणं दिलं, तीन दिवसांत साफ!’ काका म्हणाले, ‘गेले कुठे? वाळूत गेलेत. दहा-पंधरा दिवसांनी बघ.’

या आजाराची सगळी फसवणूक त्या उत्तरात आहे. परजीवी माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून तीन ते सात दिवस खातो, मग आपणहून गळून पडतो आणि वाळूत किंवा दगडावर स्वतःभोवती कवच करून बसतो. कवचात त्याचं विभाजन होतं आणि एकातून शंभर-दोनशे पिल्लं बाहेर पडतात, बहुधा रात्रीच्या अंधारात. मासा तेव्हा तळाशी झोपलेला असतो. पिल्लांना दीड-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. कातडीखालच्या आणि कवचातल्या अवस्थेला औषध लागू पडत नाही. मारता येतात ती मोकळी पोहणारी पिल्लंच. म्हणजे डाग गेले तेव्हा उपचार थांबवणं याचा अर्थ नेमक्या चुकीच्या क्षणी थांबणं. दुसरी लाट येते तेव्हा ठिपके मोजता येत नाहीत.

वेल्व्हेट हा परजीवी रोग याहून घातक. इथले कण इतके बारीक की समोरून काही दिसत नाही. अंधार करून बाजूने टॉर्च धरला तर अंगावर पिठी भुरभुरल्यासारखी झळाळी दिसते. पण हा परजीवी कल्ल्यांवर आधी हल्ला करतो, त्यामुळे पुष्कळदा अंगावर काहीच नसताना मासा दगावतो. उजेड टाळणं, खाणं सोडणं आणि पंपाच्या झोतात तोंड करून एका जागी पोहत राहणं या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मी उद्यापर्यंत थांबत नाही. इथे एका रात्रीत टाकी रिकामी होते.

क्लाऊनफिशच्या अंगावरून पांढरट बुळबुळीत पापुद्रे सुटत असतील तर तो ब्रुकलिनेला. इक-वेल्व्हेटवरचं तांब्याचं औषध त्याच्यावर चालत नाही, फॉर्मॅलिन लागतं, आणि ते हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून, पाण्यात जोरात हवा सोडून वापरायचं रसायन आहे. आजाराचं नाव न ठरवता औषध टाकलं की काय होतं, ते या माशांनी पुष्कळ सोसलंय. इक समजून ब्रुकलिनेलाच्या माशाला तांब्यात ठेवलं तर औषध चालू असतानाच तो मरतो.

शंका फ्लूक या चपट्या कृमींची असेल तर गोड्या पाण्याची आंघोळ निदानही करते आणि आरामही देते. मासा एकाच बाजूच्या कल्ल्याने श्वास घेत असेल किंवा दगडाला अंग घासत असेल, तर ही शंका घ्यावी. काळ्या रंगाचा टब घ्यायचा, आरओचं पाणी टाकीच्याच तापमानाला आणायचं, खाण्याचा सोडा घालून पीएच जुळवायचा, हवा सोडायची. मासा आत गेला की पहिलं मिनिट कठीण जातं. तो कुशीवर पडतो, क्वचित निपचित होतो, आणि बघणाऱ्याचा हात जाळीकडे जातो. घाबरायचं नाही, पण नजरही हलवायची नाही. समुद्री माशाच्या शरीरातली क्षारता समुद्राच्या सुमारे एकतृतीयांश असते, त्यामुळे पाच मिनिटं त्याला झेपतात. कृमींना तो फरक झेपत नाही. एरवी ते काचेसारखे पारदर्शक, माशाच्या अंगावर असूनही दिसत नाहीत. इथे दोन-तीन मिनिटांत ते दुधाळ पांढरे होतात आणि एकेक करून टबाच्या काळ्या तळावर पडतात. ते पडलेले दिसले की प्राझिक्वांटेल सुरू करायचं. अंडी त्यातून वाचतात, म्हणून आठवड्याच्या आत दुसरा डोसही द्यायचा.

इक आणि वेल्व्हेटवर खात्रीचा उपाय तांब्याचाच, पण मुख्य टाकीत कधीच नाही. तांब्याने कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात आणि चुनखडीचे दगड ते शोषून घेतात. वेगळी, उघड्या तळाची टाकी हवी. वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, फिल्टर, हीटर, झाकण. साध्या आयनिक तांब्याचं प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात ठेवावं लागतं. खाली गेलं तर उपयोग नाही, वर गेलं तर माशालाच विष. चिलेटेड तांब्याचा आकडा याच्या कितीतरी पट असतो, म्हणून बाटली कोणती ते पाहूनच मोजमाप करायचं. दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवायचं, रोज किटने तपासायचं, महिनाभर टिकवायचं. अमोनिया बांधणारी द्रावणं त्यात मिसळू नयेत, तांब्याचा विषारीपणा त्याने एकदम वाढू शकतो.

या काळात मुख्य टाकीत एकही मासा नको. कोळंबी-गोगलगायींना खाणं द्यावं, पाणी चालू ठेवावं, आणि कवचातली सगळी पिल्लं यजमानाविना मरेपर्यंत थांबावं. शौकिनांत यासाठी ७६ दिवसांची मुदत रूढ आहे. हल्ली पाणी २७ अंशांवर ठेवून ४५ दिवसांतच मासे परत सोडणारे भेटतात. त्यांची घाई समजते, कारण रिकामी टाकी रोज बघवत नाही. तरी मी पूर्ण मुदत थांबतो. दोन्ही टाक्यांची जाळी, बादल्या आणि नळ्याही वेगळ्या ठेवतो, कारण ओल्या जाळीतून इक सहज परत येतो.