पूर्णा खोऱ्यातील गाळाचे थर

पूर्णा खोऱ्यातील गाळाचे थर : सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगरांपर्यंत पसरलेल्या वऱ्हाडच्या सखल पट्ट्यात, म्हणजे पूर्वीच्या पयनघाटात, बेसाल्टावर साचलेले चतुर्थ कल्पातील निक्षेप. येथील पूर्णा ही तापीची उपनदी होय. गोदावरीला मिळणारी मराठवाड्यातील पूर्णा किंवा डांगमधून अरबी समुद्राकडे जाणारी पूर्णा वेगळी. मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावून ती अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते. हे निक्षेप महाराष्ट्रातील सर्वांत जाड नदीनिक्षेपांपैकी आहेत. दख्खनच्या इतर नद्यांच्या काठी गाळाची जाडी सामान्यतः काही मीटर किंवा फार तर काही दशमीटर असते. येथे मात्र विंधन छिद्रे काही ठिकाणी ३०० मी. हून खोल गेली, तरी खालचा खडक लागला नाही.

केवळ नदीच्या झिजेने एवढी खोल द्रोणी तयार होणे शक्य नाही. तिचे कारण भूकवचाच्या हालचालींत शोधावे लागते. खोऱ्याच्या उत्तर कडेने गाविलगडचा विभंग जातो. नर्मदा व तापी यांच्या खोऱ्यांना आकार देणाऱ्या मोठ्या विभंगपट्ट्याचाच तो एक भाग आहे. विभंगाच्या उत्तरेकडील भाग वर उचलला गेला व दक्षिणेकडील भाग खचला. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचे थर त्यामुळे गाविलगडच्या डोंगरात १,१०० मी. हून अधिक उंचीवर दिसतात, तर तसेच थर मैदानाखाली शेकडो मीटर खोल गाडले गेले आहेत. या लाव्हाथरांत घट्ट बेसाल्ट, पोकळ्यांत झिओलाइट भरलेला पेटिकाकुहरी बेसाल्ट आणि दोन थरांच्या दरम्यान क्वचित लाल मातीचा पातळ पट्टा, असा क्रम पुनःपुन्हा आढळतो. डोंगरकड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या या क्रमामुळेच पडल्या आहेत.

गाळाचे स्वरूप समजून घेण्यासाठी जळगाव जामोद तालुका फार सोयीचा आहे, कारण उत्तरेकडील डोंगरापासून दक्षिणेकडील पूर्णेच्या पात्रापर्यंत जाताना थोड्याच अंतरात सर्व प्रकार ओलांडले जातात. डोंगराच्या पायथ्याशी मोठे गोटे, रेती, वाळू व माती यांचे मिश्र निक्षेप आहेत. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांचा वेग सपाटीवर येताच एकदम कमी होतो आणि जड माल तेथेच पडतो. अशा पंख्याच्या आकाराच्या राशी एकमेकींना मिळून पायथ्यालगत सलग पट्टा तयार झाला आहे. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. ही क्रिया थांबलेली नाही. जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांतील अनेक शेतांतील माती खरवडून गेली. भूवैज्ञानिक दृष्टीने तो नेहमीचा व्यवहार असला, तरी शेतकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडवल त्यात एका दिवसात जाते.

दक्षिणेकडे कण बारीक होत जातात. पूर्णेच्या उंच, घळींनी फाटलेल्या काठांवर पिवळसर तपकिरी मृत्तिका व गाळवट माती, त्यांत चुनखडीचे खडे आणि अधूनमधून वाळूची व रेतीची भिंगे दिसतात. भिंग म्हणजे जुन्या पात्राचा गाडला गेलेला तुकडा होय. नदीने पात्र बदलले की वाळू मागे राहते आणि पुराची माती तिच्यावर चढते. म्हणून एका विहिरीत लागलेला वाळूचा थर शेजारच्या विहिरीत सापडेलच असे नाही. अकोला जिल्ह्यात या गाळात ज्वालामुखी राखेचा थरही आढळला आहे. सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सु. ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी त्याचा संबंध जोडला जातो. तो संबंध मान्य केल्यास राखेखालील गाळ त्याहून जुना व वरील गाळ नवा ठरतो. जीवाश्म विरळ असलेल्या थरांत असा कालदर्शक थर मोलाचा असतो.

या थरांचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे खारे पाणी. मैदानाच्या मध्यभागातील विस्तीर्ण क्षेत्राला ‘खारपाण पट्टा’ हे लोकांनीच दिलेले नाव आहे व ते अगदी नेमके आहे. येथे लिटरमागे काही हजार मिलिग्रॅम क्षार असलेल्या विहिरी सामान्य आहेत; पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा ५०० व पर्यायी स्रोत नसल्यास कमाल मर्यादा २,००० मिग्रॅ. आहे. विल्यम टॉमस ब्लॅन्फर्ड यांनी १८६९ मध्ये तापी खोऱ्याचे भूवैज्ञानिक वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळच्या लेखनात अकोल्याच्या उत्तरेस पूर्णेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या मिठाच्या विहिरींची नोंद आहे. ३० मी. हून खोल खणल्यावर रेतीच्या थरातून खारे पाणी वर येई व ते आटवून मीठ काढीत.

हा खारेपणा समुद्राच्या प्राचीन अतिक्रमणामुळे आला, असे काही भूवैज्ञानिकांचे मत होते. परंतु गाळ नदीचाच असल्याने तो खोऱ्यातच निर्माण झाला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. बेसाल्टाच्या विदारणातून कॅल्शियम व सोडियम सुटे होतात. सु. ७०० ते ८०० मिमी. पावसाच्या या अर्धशुष्क प्रदेशात बाष्पीभवन जास्त असल्याने कॅल्शियम कार्बोनेट चुनखडीच्या रूपाने जमिनीत साचते व सोडियम मागे उरते. सोडियममुळे फुगीर मृत्तिकेचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी खाली झिरपत नाही. निचरा नाही म्हणून क्षार जात नाहीत, आणि क्षार जात नाहीत म्हणून निचरा सुधारत नाही.

याउलट बझाड्यातील गोट्यारेतीतून ओढ्यांचे पाणी सहज मुरते व गोडे राहते. जळगाव जामोद व संग्रामपूर भागातील संत्र्याच्या आणि केळीच्या बागा याच पाण्यावर उभ्या राहिल्या. ते मुळातच खोल आहे आणि जास्त उपशाने आणखी खोल जाते. एकाच तालुक्यात उत्तरेच्या गावाला गोडे पाणी खोलवर शोधावे लागते, तर दक्षिणेच्या गावाला उथळ पाणी असूनही ते पिता येत नाही. या दोन तालुक्यांतील खारपाण गावांसाठी वाण धरणाच्या पाण्यावर १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखावी लागली, ती यामुळेच.

शेतीचा प्रश्न अधिक अवघड आहे. खाऱ्या विहिरीचे पाणी दिल्यास जमीन आणखी घट्ट होते, म्हणून कापूस, तूर, ज्वारी व हरभरा ही पिके बहुतांशी पावसावर व जमिनीतील ओलाव्यावर घेतली जातात. शेततळ्यांत साठविलेले पावसाचे पाणी हा येथे मानवणारा उपाय आहे. पूर्णेवर नांदुरा तालुक्यात जिगाव येथे हाती घेतलेल्या मोठ्या धरणाचे पाणी गोडे असले, तरी निचऱ्याचे चर न काढता ते अशा जमिनीला भरपूर दिल्यास भूजलाची पातळी वर येऊन खालचे क्षार मुळांपर्यंत पोहोचण्याचा धोका आहे. अशा प्रदेशात कालव्याइतकेच चरांनाही महत्त्व द्यावे लागते.