क्लिक करणं सोपं, जपणं अवघड

अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात राहणाऱ्या एका गृहस्थांना आपल्या बंगल्यातला हॉल जरा आखूड वाटायला लागला. आपण काय केलं असतं? सोफा हलवला असता. त्यांनी 1919 मध्ये सरळ घराचे दोन तुकडे केले, मागचा अख्खा भाग 9 फूट 4 इंच मागे सरकवला आणि मधली जागा बांधून काढली!

हे गृहस्थ म्हणजे जॉर्ज ईस्टमन, ‘कोडॅक’ कंपनीचे जनक. त्यांच्या त्याच बंगल्यात आज जगातल्या सर्वांत जुन्या फोटोग्राफी म्युझियमपैकी एक आहे. एमएससाठी रॉचेस्टरला जाणाऱ्या मराठी मुलांची संख्या कमी नाही. तुम्ही त्यातले असाल, तर एक सुट्टी या ‘जॉर्ज ईस्टमन म्युझियम’साठी राखून ठेवा. आणि जाणार नसाल, तरी ही गोष्ट तुमच्या घरापर्यंत येते. कशी, ते पुढे वाचा.

स्वयंपाकघरातली लॅब

1905 मध्ये पूर्ण झालेल्या या बंगल्यात जवळपास 50 खोल्या आहेत. हॉलच्या भिंतीवर हत्तीचं भलंमोठं मस्तक आहे. शिवाय इथे चक्क पाइप ऑर्गन आहे, कारण साहेबांच्या नाश्त्याच्या वेळी तो वाजवायला वादक यायचा. पण या श्रीमंतीकडे बघताना एक लक्षात ठेवा. वडील गेल्यावर घर चालवण्यासाठी ईस्टमननी कोवळ्या वयात शाळा सोडली होती. पुढे ते बँकेत कारकून झाले. दिवसा नोकरी आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात फोटोच्या काचांवर रसायनांचे प्रयोग, असा त्यांचा दिनक्रम होता.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे काचा, रसायनं, तंबू असा सगळा संसार पाठीवर घेऊन फिरणं. ईस्टमननी 1888 मध्ये 25 डॉलरचा कोडॅक कॅमेरा आणला. त्यात 100 फोटोंचा रोल आधीच भरलेला असायचा. रोल संपला की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा आणि 10 डॉलर द्यायचे. फोटो धुऊन यायचे, कॅमेऱ्यात नवा रोलही भरून यायचा. 1900 मध्ये आलेला ‘ब्राउनी’ कॅमेरा तर फक्त 1 डॉलरचा होता. आपल्या गॅलरीत आज पडलेल्या हजारो सेल्फींची सुरुवात इथे आहे.

आगीचा धडा

ईस्टमन 1932 मध्ये गेले. लग्न केलेलं नव्हतं, बंगला विद्यापीठाकडे गेला. 1949 मध्ये तो म्युझियम म्हणून लोकांसाठी खुला झाला. आज इथे फोटोग्राफीशी संबंधित चार लाखांहून अधिक वस्तू आहेत. अगदी सुरुवातीच्या काळातली चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरची चित्रंसुद्धा त्यात आहेत.

म्हणजे ज्या माणसाने फोटो काढणं सोपं केलं, त्याच्या घरात आज फोटो टिकवण्याची लढाई चालू आहे. ही लढाई किती कठीण आहे ते 1978 मध्ये कळलं. आवारातल्या साठ्याला आग लागली आणि 300 हून अधिक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह जळून गेल्या. त्या होत्या नायट्रेट फिल्मवर. ही फिल्म इतकी ज्वालाग्राही, की एकदा पेटली तर पाण्याखालीही जळत राहते. आणि याच फिल्मच्या धंद्यातून हा बंगला उभा राहिला होता!

आता उरलेल्या नायट्रेट फिल्म वेगळ्या इमारतीत, थंड आणि कोरड्या हवेत ठेवल्या जातात. 2015 पासून म्युझियमच्या ड्रायडन थिएटरमध्ये एक खास महोत्सवही भरतो. तिथे मूळ नायट्रेट प्रिंट पडद्यावर दाखवतात. कुठले सिनेमे आहेत, ते पहिल्या दिवसापर्यंत गुपित. तरी लोक लांबून येतात.

आपल्याकडचं काय?

दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला गेले, तेव्हा त्यांनी कॅमेरा विकत घेतला आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ घडला. तो आज आपल्याकडे अखंड उरलेला नाही. पुण्यातही जानेवारी 2003 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि जुन्या फिल्म कायमच्या गेल्या. या नुकसानीला बॅकअप नाही.

‘पण आपले फोटो तर क्लाउडवर आहेत!’ असं म्हणाल. मान्य. आजीच्या लग्नातला तो एकुलता एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे का क्लाउडवर? तो माळ्यावरच्या ट्रंकेत असतो. पावसाळ्यात त्याला बुरशी येते, कसर लागते. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यातली माणसं कोण आहेत हे सांगू शकणारे घरात एक-दोघंच उरलेले असतात. फोटो फाटला तर चिकटवता येईल, पण नावं गेली की गेली.

म्हणून या रविवारी एवढं करा:

• ट्रंक खाली काढा आणि आजी-आजोबांशेजारी बसून प्रत्येक फोटोतली नावं, गाव, साल विचारा. ते बोलत असताना फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.

• फोटोच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेन नको, त्याचे वळ समोर उमटतात.

• चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. अल्बमसकट स्कॅन करा.

• ‘आता काय उपयोग’ म्हणून निगेटिव्ह फेकू नका. कागदी पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवा.

• स्कॅन केलेले फोटो दोन ठिकाणी साठवा आणि फाइलला नाव द्या. ‘आयएमजी 4032’ बघून तुमच्या नातवंडांना काहीही कळणार नाही.

त्यासाठी 50 खोल्यांचा बंगला लागत नाही. एक दुपार लागते, आणि आजीसाठी एक कप चहा.