कुजबुज थांबते तेव्हा

रक्तातली साखर वाढली की माणूस चारचौघांत सांगतो. झोप उडाली, जगणं नकोसं झालं, की मात्र घरातच कुजबुज सुरू होते: ‘लोक काय म्हणतील?’

ही कुजबुज थांबवायला मराठी पडद्यानं मोठा हातभार लावला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००४च्या ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया झालेला शेष आणि त्याला सांभाळून घेणारी बहीण दाखवली, नैराश्यावरच्या त्यांच्या ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं.

कायदाही बदलला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळदंडानं बांधण्यावर बंदी घातली आणि आरोग्य विम्यात मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांइतकंच स्थान दिलं.

आता ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही, रात्रंदिवस, विनामूल्य बोलता येतं. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांनाही.