कुंपणावरची कण्हेर

गुजराती शेजारी जिला करेण म्हणतात, तीच आपली कण्हेर. हिरवी असताना कडू पाल्यामुळे गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणाला बरी पडते. छाटून टाकलेला पाला मात्र उचलावा. वाळल्यावरही त्यातले विष टिकते आणि तेव्हा गुरे तो खातात.

झाडाचा प्रत्येक भाग विषारी. त्यातले ओलिअँड्रिन हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवते. आधी मळमळ आणि उलट्या, मग नाडी मंदावते, ठोके चुकतात. पिवळ्या फुलांची बिट्टी वेगळे झाड, पण विष त्याच जातीचे. तिच्या बिया तर फार घातक.

होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी याच कण्हेरीपासून ‘ओलिअँडर’ हे औषध आणले. 30 सी म्हणजे शंभरात एक असे तीस वेळा पातळ केलेले. साधारण बाराव्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एखादा रेणूही उरणे कठीण. म्हणून त्या गोळ्यांनी विषबाधा होत नाही. औषधी गुण कुठून येणार, हा प्रश्न मात्र उरतोच. मदर टिंक्चरचे तसे नाही, त्यात अर्क खराच असतो. आणि घरी पाने उकळून काढा करणे म्हणजे निव्वळ वेडेपणा. कुणी पान किंवा बी चावलेच, तर उलटी करवण्यात वेळ न दवडता 108 ला फोन करावा.