हृदयाला घरघर लावणारा परोपजीवी

वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरीत गुरांना चावणाऱ्या माश्या तुम्ही पाहिल्या असतील. अशा माश्या 'सर्रा' रोगाचे ट्रिपॅनोसोमा पसरवतात. आपल्या रक्तातले एक प्रथिन त्यांना मारते. पण २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला त्यांची लागण झाली. त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हते! सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

याच जीवाचा दक्षिण अमेरिकेतला भाऊबंद मोठा लबाड. कार्लोस शागास यांनी १९०९ मध्ये तो उजेडात आणला. भिंतींच्या फटींत राहणारे, रक्त पिणारे किडे तो पसरवतात. लागण झालेल्या शंभरांपैकी वीस-तीस जणांचे हृदय बऱ्याच वर्षांनी बिघडते. दाह धुमसत राहतो, स्नायूंत व्रण पडतात, ठोक्यांची लय चुकते. म्हणूनच हृदयस्नायूंच्या इतर विकारांच्या रुग्णांपेक्षा हे रुग्ण, वयाने लहान असूनही, लवकर दगावतात.