शेपूट गेली, राखण उरली

जुन्नर-आंबेगावच्या शिवारात रात्री ऊस सळसळला की आधी कळतं ते कुत्र्याला. बिबट्याचा वास लागला की ते अंग चोरतं आणि शेपूट मागच्या पायांत घालतं. माणिकडोह आणि डिंभे धरणांच्या पाण्यावर वाढलेल्या या ऊसपट्ट्यात हे कुणाला नवं नाही. नवल आहे ते शेपूट खाली ओढणाऱ्या स्नायूंचं. कंबरेच्या हाडांपासून निघून शेपटीच्या मुळाशी पोचणारे हे स्नायू तुमच्या-माझ्यातही आहेत.

आपल्या पूर्वजांची शेपूट सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी गेली. तिची खूण म्हणून माकडहाड उरलं. स्नायू मात्र गेले नाहीत. दोन पायांवर उभं राहिलेल्या शरीरात मूत्राशय, गर्भाशय आणि आतडी यांचा भार खालून पेलायला कुणीतरी हवं होतं, ते काम त्यांनी घेतलं. माकडहाडापासून पुढे ओटीपोटाच्या समोरच्या हाडापर्यंत त्यांचा पडदा ताणलेला असतो. लघवी धरून ठेवणं, शौच रोखणं, बाळंतपणात वाट देणं ही त्यांची रोजची आणि प्रसंगाची कामं. योनीमार्ग याच पडद्यातून बाहेर येतो.

नवी कामं आली तरी जुनं सुटलं नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही स्त्रियांना चित्रपटांचे तुकडे दाखवले. काही साधे, काही शृंगारिक, काही भीतीदायक. त्याच वेळी या स्नायूंची विद्युत हालचाल मोजली. 2001 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चकित करणारे होते. भीतीचं दृश्य आलं की स्नायू आवळत. त्या दृश्यात शरीरसंबंधाचा मागमूस नसला तरी आवळत. त्यांच्याबरोबर मान-खांद्याचा स्नायूही ताठ होई. आणि हे सगळ्याच स्त्रियांमध्ये घडत होतं, व्हजायनिस्मस नावाचा त्रास असलेल्या आणि नसलेल्याही. म्हणजे धोका दिसला की शरीराचा खालचा दरवाजा बंद करण्याची राखणदारी आपल्या सर्वांत आहे. ती आपल्याला विचारून चालत नाही. डोळ्यासमोर अचानक हात आला की पापणी मिटते, तेव्हाही आपल्याला कुणी विचारत नाही.

व्हजायनिस्मस समजून घ्यायचा तर इथून सुरुवात करावी. या त्रासात स्त्रीची इच्छा असते, नवऱ्यावर प्रेम असतं, शरीराची रचनाही बहुधा व्यवस्थित असते. तरी योनीत काही जाणार एवढी चाहूल लागताच हे स्नायू आवळतात, मांड्या जुळतात, श्वास अडतो. ‘भिंतीला धडकल्यासारखं होतं,’ असं वर्णन जगभरच्या स्त्रिया करतात. काहींना डॉक्टरांची तपासणी, तांबी बसवणं किंवा आतली सोनोग्राफीही सहन होत नाही. कुणाला हे पहिल्या रात्रीपासून असतं. कुणाला टाके पडलेल्या बाळंतपणानंतर, जंतुसंसर्गानंतर किंवा पाळी गेल्यावर सुरू होतं. मागे एखादा अत्याचार असू शकतो, पण असतोच असं नाही. ‘पहिल्यांदा फार दुखतं, फार रक्त जातं’ एवढंच ऐकत वाढलेल्या मुलीच्या मनातही धोक्याची नोंद पक्की होते.

पुढचं चक्र शरीर स्वतःच फिरवतं. भीतीनं स्नायू आवळतो, आवळलेल्या स्नायूवर जोर दिला की दुखतं, दुखलं की भीती खरी ठरते. पुढच्या वेळी स्नायू आणखी लवकर आवळतो. म्हणून ‘अंग सैल सोड’ या सल्ल्याचा उपयोग होत नाही आणि जबरदस्तीनं तर राखणदाराची खात्रीच पटते. संबंध होत नाही हे घरात कुणाला सांगता येत नाही. वर्ष-दोन वर्षांत ‘पाळणा कधी हलणार’ असं विचारणं सुरू होतं. मग मूल होत नाही म्हणून तपासण्या होतात, देवदेव होतात आणि मूळ गोष्ट कागदावर येतच नाही.

या त्रासाला नाव दिलं जे. मॅरियन सिम्स या अमेरिकन शल्यचिकित्सकानं. त्यानं 1861 साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे त्यावर निबंध वाचला. गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया करणारा हाच तो डॉक्टर. लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही संबंध होऊ न शकलेल्या एका बाईला त्यानं ईथरची भूल देऊन तपासलं, तेव्हा सगळी आडकाठी नाहीशी झाली होती. रचनेत काहीच खोट नव्हती. उत्तर समोर होतं: जागेपणी पहारा देणारी मज्जासंस्था झोपली की स्नायूही झोपतो. सिम्स मात्र कापाकापीकडे वळला. भीतीवर सुरी चालत नाही हे वैद्यकाला पटायला पुढची शंभर वर्षं गेली. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीनं 1970 च्या ग्रंथात हळूहळू सराव करण्याची आणि जोडीदाराला सोबत घेण्याची पद्धत मांडली. 2013 पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात हा त्रास वेदना, भीती आणि स्नायूंचा ताण यांना एकत्र धरून नोंदवला जातो.

आजच्या उपचाराची पहिली पायरी ऐकून अनेक जोडपी सुटकेचा श्वास सोडतात: काही काळ प्रयत्न बंद. रोज रात्रीची परीक्षा थांबली की चक्राचा वेग उतरतो. मग स्त्रीरोगतज्ज्ञ तिच्या संमतीनं, तिच्या गतीनं तपासतात. संसर्ग, त्वचेचा विकार, योनीमुखाशी स्पर्शालाही होणारी आग, जाड योनिपटल, यांपैकी काही नाही ना ते पाहतात. असेल तर आधी त्याचा उपचार. त्यानंतर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम जाणणारे फिजिओथेरपिस्ट श्वासाबरोबर हे स्नायू सोडायला शिकवतात. आवळायला सगळ्यांनाच येतं. सोडायला शिकावं लागतं. पुढे आरशात स्वतःला पाहणं, स्पर्श, स्वतःचं एक बोट, मग चढत्या आकाराचे डायलेटर म्हणजे योनीत घालायच्या गुळगुळीत नळ्या, भरपूर वंगण लावून. प्रत्येक पायरीवर सूत्रं तिच्याच हातात असतात, कारण ‘थांब’ म्हटल्यावर खरोखर थांबतं हा अनुभव मज्जासंस्थेला नवा धडा देतो. मनात साचलेल्या भीतीसाठी समुपदेशन बरोबरीनं चालतं.

नेदरलँड्समधल्या लायडनची 2013 सालची एक चाचणी इथे थक्क करते. पहिल्यापासून संबंध होऊ न शकलेल्या 70 स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांवर लगेच उपचार झाले: महिला चिकित्सकाच्या सोबतीनं त्यांनी स्वतःच हा सराव केला, तोही आठवड्याभरातल्या जास्तीत जास्त तीन दीर्घ बैठकांत. त्या 35 पैकी 31 जणींना संबंध शक्य झाला. प्रतीक्षायादीतल्या 35 पैकी 4 जणींना. कोट्यवधी वर्षांची सवय असलेला स्नायू काही आठवड्यांत नवं शिकतो! सर्वांना इतक्या लवकर यश येत नाही, अनेकींना महिने लागतात. पण बरा होणाऱ्या त्रासांत याची गणना होते.

उपचारापर्यंत पोचायचं तर आधी बोलावं लागतं, आणि महाराष्ट्रात या गोष्टी उघड बोलण्याची किंमत मोजून झाली आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिल्याबद्दल कोर्टाची पायरी चढले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तरी मौन सुटलं नाही. राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्यानं 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांचा अभ्यास मांडला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. दुखणं अंगावर काढण्याची सवय किती खोल आहे, हे त्या दोन आकड्यांतून कळतं.

आंबेगावातल्या मंचरचं उपजिल्हा रुग्णालय असो की तालुक्यातला खासगी दवाखाना, सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञांपासून करता येते. या स्नायूंचे खास फिजिओथेरपिस्ट शोधायला बहुधा पुणं गाठावं लागेल. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्याला ‘संबंध होतो का, दुखतं का’ हे डॉक्टरांनी स्वतःहून, आणि बाईला एकटीला विचारायला हवं. विचारलं नाही तर तिनं सांगावं: ‘माझी इच्छा असते, पण आत काही जाऊ लागलं की आपोआप आवळतं.’ उपचार सुरू व्हायला एवढं वाक्य पुरतं. तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे, असंही नाही.