आवाज फुटतो तेव्हा

मालवण-कुडाळकडच्या वाड्यांवर गणपतीत भजनाला बसणारा एखादा मुलगा आठवीत गेला की एकाएकी मागे सरकतो. वरच्या पट्टीत सहज गाणारा त्याचा गळा मध्येच चिरकतो. ‘आवाज फुटला’ म्हणून मोठी माणसे हसतात. मुलाला मात्र आपला गळा कायमचा गेला असे वाटते. त्याच्या वर्गातल्या मुलींमध्ये असे बदल बहुधा आधीच सुरू झालेले असतात. ते ऐकू येत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी कोणी बोलतही नाही.

या साऱ्याची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा लहानसा भाग आहे. बालपणी जवळजवळ गप्प असलेला हा भाग ठरावीक अंतराने एका संप्रेरकाचे झोत सोडू लागतो. आरंभी हे रात्री, झोपेत घडते. या झोतांमुळे पीयूषिका ग्रंथी आणखी दोन संप्रेरके रक्तात सोडते. ही दोन्ही मुलांत आणि मुलींत अगदी एकच असतात. त्यांच्या आज्ञेने मुलीचे बीजांडकोश इस्ट्रोजेन तयार करतात, तर मुलाचे वृषण टेस्टोस्टेरॉन.

मात्र ‘हे पुरुषाचे, ते बाईचे’ अशी काटेकोर वाटणी शरीरात नसते. मुलींच्या काखेतले केस उगवतात ते पुरुषी समजल्या जाणाऱ्या संप्रेरकांमुळे. मुलांच्या शरीरात थोड्या टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन बनते आणि त्यामुळेच पुढे हाडांची लांबी वाढणे थांबते. सुमारे निम्म्या मुलांची छाती या काळात थोडी सुजते, दुखते. ही सूज बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. हे ठाऊक नसल्याने कित्येक मुले मित्रांसमोर सदरा काढायला लाजतात.

आता आवाजाकडे वळू. टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्राची कूर्चा वाढून कंठमणी पुढे येतो. स्वरतंतू लांब आणि जाड होतात. लहान मुलाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला सुमारे २५० ते ३०० वेळा कंप पावतात, प्रौढ पुरुषाचे १०० ते १३० वेळा. म्हणजे आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज उतरतो, पण दोन-तीन स्वरांनीच. या नव्या तंतूंवर ताबा मिळवायला काही महिने लागतात, तोवर आवाज चिरकतो. गळा बिघडलेला नसतो. दशावतारात स्त्रीभूमिका करणारे पुरुष नट याच मोठ्या झालेल्या गळ्यातून बाईचा आवाज काढतात.

वर्गात हे दाखवता येईल. एक बारीक आणि एक जाड रबरबँड उघड्या डब्यावर सारख्याच ताणाने बसवून छेडावेत. जाड रबराचा स्वर खालचा येतो.

मुलींमध्ये पहिली खूण असते स्तनांची वाढ. ती बहुधा ८ ते १३ या वयात सुरू होते. मग उंची झपाट्याने वाढते आणि स्तनवाढीनंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. आरंभी दर महिन्याला बीजांड सुटतेच असे नाही, म्हणून एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते. मुलांमध्ये प्रथम वृषण वाढतात, बहुधा ९ ते १४ या वयात. उंचीची झेप आणि आवाज फुटणे नंतरचे. झोपेत वीर्य बाहेर पडणे हाही याच वाढीचा भाग आहे, त्याने अशक्तपणा येत नाही.

हा क्रम बहुतेकांत सारखा असला, तरी वय प्रत्येकाचे वेगळे. सातवीतली उंच मुलगी आणि नववीतला बुटका मुलगा दोघेही निरोगी असू शकतात. मुलीत आठ वर्षांच्या किंवा मुलात नऊ वर्षांच्या आत बदल दिसले, मुलीत तेरा आणि मुलात चौदा वर्षांपर्यंत काहीच दिसले नाही, किंवा पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसवलेल्या मुलीला आपल्या शरीरात काय घडते आहे हे कळत नाही, केवळ आपण अशुद्ध झालो एवढेच कळते. म्हणून हा पाठ पाळी येण्याआधी आणि आवाज फुटण्याआधी, पाचवी-सहावीतच, मुलामुलींना एकत्र बसवून शिकवावा.